दोन्ही डोळ्यांना अंधुक आणि बीपी २१०/१३०: सोमवारपर्यंत थांबू नका

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्या मिस्टरांचं वय ४१, नोकरी पीथमपूरला, शिफ्टची. गेले आठ-दहा दिवस दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसतंय, मोबाइलवरची अक्षरं मधूनमधून गायब होतात, सकाळी उठलं की डोकं ठणकतं. नंबर वाढला असेल म्हणून काल चष्म्याच्या दुकानात गेलात. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने नंबर तोच असल्याचं सांगितलं, कॅमेऱ्याने डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि चिठ्ठी दिली: ‘दोन्ही डोळ्यांत पडद्यावर रक्तस्राव, नस सुजल्याची शंका, ताबडतोब बीपी बघा.’ शेजारच्या मेडिकलवर बीपी निघालं २१०/१३०. दोन वर्षांपूर्वी बीपीची गोळी चालू होती, बरं वाटायला लागलं म्हणून सोडली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय सोमवारची. तोवर थांबलं तर चालेल का, शेजारच्या काकांची बीपीची गोळी द्यावी का, महिन्यापूर्वी डोळ्यात लाल डाग आला होता तो याचाच इशारा होता का, आणि नजर परत येईल का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: थांबू नका. आजच, हे वाचताच निघा. जिथे रात्रंदिवस कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, चालते, फिजिशियन आणि आयसीयू आहे अशा कुठल्याही रुग्णालयात न्या. तुम्ही इंदूरला सुदामा नगरात राहता म्हणालात. एमवाय या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, त्या बाजूला मोठी खासगी रुग्णालयंही आहेत. ओळखीचा डॉक्टर कुठे बसतो हे शोधत वेळ घालवू नका, जे जवळ ते गाठा. मिस्टरांना स्वतः गाडी चालवू देऊ नका, ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी. निघण्याआधीच किंवा वाटेत छातीत दुखायला लागलं, धाप लागली, जीभ अडखळली, एखादा हात किंवा पाय लुळा पडला, भांबावल्यासारखं बोलायला लागले, उलट्या झाल्या किंवा झटका (फिट) आला, तर सरळ १०८ ला फोन करा.

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. ‘यांना अंधुक दिसतंय’ असं म्हणालात तर गर्दीच्या वेळी ‘उद्या डोळ्यांच्या ओपीडीत या’ असं उत्तर मिळू शकतं, आणि त्यात त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरचा फारसा दोष नसतो, कारण त्याच्यासमोर अपघाताचे पेशंट पडलेले असतात. म्हणून सांगा: ‘बीपी २१०/१३० आहे आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त आहे.’ ही चिठ्ठी आणि मोबाइलमधला पडद्याचा फोटो पुढे करा. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की कुठलाही फिजिशियन खुर्चीतून उठतो.

आता कारण सांगते. तुम्ही हा प्रश्न डोळ्यांचा म्हणून विचारलात, पण मी इतकी वर्षं पडदेच तपासत आले आहे आणि मला हा प्रश्न डोळ्यांचा वाटत नाही. प्रश्न शरीरातल्या सगळ्या बारीक धमन्यांचा आहे. पडद्यावरच्या धमन्या जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाड असतात, पुढे त्याहूनही बारीक होत जातात. तशाच धमन्या मेंदूत असतात, किडनीत असतात. फरक एवढाच की मेंदूतल्या आणि किडनीतल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि डोळ्यात मात्र बाहुलीतून भिंग लावून त्या जिवंत, रक्त वाहत असताना बघता येतात. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे ठेवलं, तेव्हापासून ही सोय डॉक्टरांच्या हातात आहे. तुमच्या मिस्टरांच्या पडद्यावर रक्त झिरपलंय म्हणजे तेच मेंदूत आणि किडनीत चालू असण्याची शक्यता गंभीरपणे धरावी लागते. डोळा अंधुक होतो म्हणून तुम्ही धावलात. किडनी मात्र निकामी होताना बराच काळ काहीच बोलत नाही.

बीपी वाढलं की पडद्यावर जे दिसतं ते दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक मी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना समजावते. एक प्रकार सावकाशीचा. वर्षानुवर्षं बीपी थोडं जास्त राहिलं की धमन्या अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड होतात. आधी त्यांच्यावर तांब्याच्या तारेसारखी चमक दिसते, नंतर चांदीच्या तारेसारखी, आमच्या पुस्तकांतली नावंही तीच आहेत. धमनी जिथे शिरेवरून जाते तिथे शीर दाबली जाते, बागेतल्या पाण्याच्या पाइपवर कुणी पाय ठेवावा तशी. मार्कस गन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८९० च्या दशकात किडनीच्या पेशंटांमध्ये हे सगळं बघून लिहून ठेवलं. अशा पेशंटला डोळ्याने काहीही त्रास नसतो, ६/६, म्हणजे पूर्ण दिसत असतं. त्यांना मी ‘या आठवड्यात फिजिशियनकडे जा, गोळी सोडू नका’ एवढं सांगते.

दुसरा प्रकार घाईचा. बीपी इतकं चढतं की धमनीची भिंत तो दाब पेलू शकत नाही, आतलं आवरण फाटतं, रक्त आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो. मज्जातंतूंच्या थरात झिरपलेलं रक्त तंतूंच्या दिशेने पसरतं, म्हणून ते ज्योतीच्या आकाराचं दिसतं. काही ठिकाणी धमनी बंदच पडते आणि तेवढ्या जागेतले तंतू सुजून पांढुरके, कापसाच्या बोळ्यासारखे ठिपके उमटतात. झिरपलेली चरबी नजरेच्या मध्यबिंदूभोवती चांदणीच्या आकारात साठते. यापुढची पायरी म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड सुजणं. निरोगी डोळ्यात त्या तोंडाची कड रेखीव असते. ती पुसट झाली, तोंड फुगलं, भोवती रक्ताचे फराटे दिसले की आमच्या खोलीतलं काम थांबतं आणि पेशंट आयसीयूकडे जातो. तुमच्या चिठ्ठीवर ‘नस सुजल्याची शंका’ असं लिहिलंय ते याच पायरीबद्दल.

१९३९ मध्ये मेयो क्लिनिकच्या किथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी पडद्यावरच्या खुणांवरून बीपीच्या पेशंटांचे चार गट केले. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. पहिल्या गटातले, म्हणजे धमन्या थोड्या अरुंद झालेले, सुमारे ७० टक्के पेशंट तीन वर्षांनी हयात होते. चौथ्या गटातले, म्हणजे नस सुजलेले, अवघे ६ टक्के. घाबरवायला हे लिहीत नाही. आज औषधं आहेत, आणि वेळेत दाखल झालेल्या पेशंटांपैकी बहुतेक जण आपल्या पायांनी घरी जातात. पण पडद्यावरची खूण बघून आम्ही एवढी घाई का करतो ते या आकड्यांवरून कळतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: बीपी १८०/१२० किंवा त्यावर आणि सोबत पडद्यावर रक्त किंवा नसेला सूज, तर तज्ज्ञांकडून तपासणी त्याच दिवशी.

म्हणजे नुसता २१०/१३० हा आकडा सगळं ठरवत नाही. हेच बीपी असलेला दुसरा एखादा माणूस, ज्याचा पडदा स्वच्छ आहे, छातीत दुखत नाही, लघवीची तपासणी ठीक आहे, त्याला बहुतेक वेळा दाखल न करता तोंडाने घ्यायच्या गोळ्या सुरू करून एक-दोन दिवसांत परत बोलावतात. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत पडद्याने तो पर्याय काढून घेतलाय.

एक पेशंट मला कायम आठवतो. शाळेत शिकवणारे, चाळिशीच्या आत-बाहेरचे, फळ्यावरचं आपलंच अक्षर पुसट दिसतं अशी तक्रार घेऊन आले होते. दोन्ही डोळ्यांनी ६/१२ वाचत होते, म्हणजे तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी सोडल्या तर सगळं. चालत आले होते, हसत बोलत होते. भिंगातून उजवा पडदा बघितला तर नसेची कड कुठे संपते ते कळेना, भोवती लाल फराटे, मध्यबिंदूपाशी अर्धवट चांदणी. डावा जवळजवळ तसाच. खुर्चीतच बीपी घेतलं, दुसऱ्या हातावर परत घेतलं, आणि त्यांच्या भावाला बोलावून थेट कॅज्युअल्टीत पाठवलं. रात्री रिपोर्ट आला, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) बरंच वाढलेलं, लघवीत प्रथिनं आणि रक्त. किडनीचा जुना आजार होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. काही महिन्यांत पडदा स्वच्छ झाला, नजर पूर्ण परत आली. किडनी मात्र जेवढी गेली होती तेवढी गेलीच, ती पुढे औषधांवर आणि पथ्यावर सांभाळावी लागली. चष्म्याच्या नंबरात अडकून ते आणखी महिनाभर फिरले असते तर किती किडनी उरली असती ते सांगता येत नाही. म्हणून त्या दुकानातल्या मुलीने तुम्हाला नवा चष्मा न विकता चिठ्ठी दिली याचं मला फार मोल वाटतं. सवड मिळाली की तिला जरूर कळवा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण मी पडदा स्वतः बघितलेला नाही. बाहुली मोठी न करता काढलेल्या फोटोत सूज भासू शकते, काहींची नस जन्मतःच पुसट कडांची असते. पडद्यावर रक्त आणि कापसासारखे ठिपके मधुमेहातही येतात, खूप खाली गेलेल्या हिमोग्लोबिनमध्ये येतात, डेंग्यूत येऊ शकतात, रक्ताच्या कॅन्सरमध्येही येतात. दोन्ही नसा सुजण्याचं कारण मेंदूत वाढलेला दाब हेही असतं. म्हणून रुग्णालयात ईसीजी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, प्लेटलेटसह संपूर्ण रक्ततपासणी, साखर आणि लघवीची तपासणी होईल, डोकेदुखी असल्याने बहुधा सीटी किंवा एमआरआयही. यातलं काही राहिलं असं वाटलं तर विचारा, विचारण्यात संकोच नको. पण यातलं कुठलंही कारण निघालं तरी सोमवारपर्यंत थांबण्यासारखं त्यात एकही नाही.

पडदा नीट तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. त्याने चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, ते आपोआप उतरतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या थेंबांत ट्रॉपिकामाइडबरोबर फिनाइलेफ्रिन असतं, आणि ते बीपी चढवू शकतं. इतकं बीपी असताना मी साधं ट्रॉपिकामाइडच वापरते. थेंब घालणाऱ्याला बीपीचा आकडा सांगा, एवढं पुरे.

दुसरा प्रश्न, काकांच्या गोळीचा. देऊ नका. इतक्या काळजीने विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. महिनोन्‌महिने चढं बीपी असलं की मेंदूच्या, डोळ्याच्या नसेच्या आणि किडनीच्या धमन्या त्या दाबावरच रक्त पुरवायची सवय लावून घेतात. तो दाब एकदम १२०/८० वर आणला तर आकडा सुंदर दिसतो, पण मेंदूला आणि डोळ्याच्या नसेला रक्त अपुरं पडतं. अशाने पक्षाघात होतो, हार्ट अटॅक येतो, आणि आधीच सुजलेली नस कायमची मरून दोन्ही डोळ्यांची दृष्टी जाऊ शकते. बीपी चढलं म्हणून घाबरून धडाधड उतरवलं आणि नजर गेली, असे पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरांना बघावे लागतात, आणि त्यांच्यासाठी मग कुणालाच फारसं काही करता येत नाही. जिभेखाली बीपी उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत एके काळी घरोघर होती. ती याच कारणाने १९९० च्या दशकात धोकादायक ठरली, तरी अजून कुठे कुठे कुणी सुचवतं. नको म्हणा.

रुग्णालयात शिरेतून औषध देतात, दर थोड्या मिनिटांनी बीपी मोजतात, आणि पहिल्या तासात साधारण पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरू देत नाहीत. पुढच्या काही तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि मग एक-दोन दिवसांत हळूहळू खाली. छातीतली महाधमनी चिरली असेल, पक्षाघात असेल किंवा गरोदरपण असेल तर हे गणित बदलतं, ते तिथले डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या दिवशी बीपी अजून १६० दिसलं तर ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून रुग्णालय बदलू नका. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

लाल डागाबद्दल तुम्ही स्वतःला दोष देताय असं तुमच्या लिहिण्यातून वाटलं. तो देऊ नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर ठळक लाल डाग, दुखणं नाही, चिकटा नाही, दिसायला फरक नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप गेला, हे वरच्या पातळ आवरणाखालचं रक्त. जोराच्या खोकल्याने, शिंकेने, डोळा चोळल्याने, रक्त पातळ करायच्या गोळीने येतं. बीपीवाल्यांमध्ये जास्त आढळतं, म्हणून डाग दिसला की एकदा बीपी मोजावं, पण पडद्यावरच्या रक्ताशी त्याचा थेट संबंध नाही. दिसायला भयंकर असलेला तो डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी, आणि आरशात न दिसणारं पडद्यावरचं रक्त घातक, ही बाब लोकांपर्यंत पोचवायला आम्ही डॉक्टर कमी पडतो असं मला मनापासून वाटतं. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: ‘डोळ्याचं प्रेशर तर नॉर्मल आलं होतं.’ ते काचबिंदूसाठी मोजतात, डोळ्यातल्या पाण्याचा दाब तो. रक्तदाब वेगळा. एक ठीक असला म्हणून दुसरा ठीक ठरत नाही.

हे आणखी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. एका डोळ्यासमोर अचानक, न दुखता अंधार आला, काही मिनिटांत परत दिसायला लागलं तरी, तो मेंदूच्या झटक्याच्या बरोबरीचा इशारा समजून त्याच वेळी रुग्णालय गाठावं. अचानक एकाचे दोन दिसायला लागले किंवा समोरच्या दृश्याची एक बाजूच दिसेनाशी झाली तर तसंच. आणि गरोदर बाईला पाच महिन्यांनंतर डोळ्यांसमोर चमकारे दिसले, अंधुक झालं, डोकं दुखलं, तर बीपी १४०/९० असलं तरी ते तिच्यासाठी गंभीर असू शकतं. तिने चष्म्याच्या दुकानात न जाता प्रसूतिगृहात जायचं, त्याच तासाला.

उलट बाजूही तितकीच खरी. बीपी वाढलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांत बराच काळ काहीच दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. यांतल्या बहुतेकांना अंधुक वगैरे काही नसतं. ‘डोळे ठीक आहेत, म्हणजे बीपीचा त्रास नाही’ असा हिशेब कुणी करू नये. डोळ्याने इशारा देईपर्यंत बीपीने बरीच मजल मारलेली असते.

नजर परत येईल का? बहुतेकांची बऱ्यापैकी येते, आणि तुमच्या मिस्टरांचा त्रास आठ-दहा दिवसांचाच आहे ही जमेची बाजू. बीपी आटोक्यात आलं की पडद्याखालचं पाणी आणि नसेची सूज काही आठवड्यांत ओसरते, रक्त आणि कापसासारखे ठिपके दोन-तीन महिन्यांत जातात. मध्यबिंदूजवळची चांदणी सगळ्यात रेंगाळते, कधी कधी वर्षभरसुद्धा. त्या काळात वाचताना मधली अक्षरं अडखळली तर बीपी परत चढलंय असं लगेच समजू नका, मोजून बघा. मध्यबिंदूचा रक्तपुरवठाच बंद पडला असेल किंवा नस सुकली असेल तर काही भाग कायमचा जातो. हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पहिला अंदाज ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीनंतर आणि पक्का अंदाज तीनेक महिन्यांनी येतो. या स्थितीत डोळ्याला थेंब, लेझर किंवा इंजेक्शन सहसा लागत नाही. डोळ्याचं औषध म्हणजे बीपीचंच औषध. तीन महिने नवा चष्माही करू नका, सूज उतरताना नंबर बदलत राहतो आणि पैसे वाया जातात.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, ती मला महत्त्वाची वाटते: डोकं दुखतं म्हणून ते रोज वेदनाशामक गोळी घेतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात, किडनीवर ताण आणतात आणि बीपीच्या औषधाचा परिणाम कमी करतात. बीपीने डोकं दुखायचं, त्यावर गोळी घ्यायची, तिने बीपी आणखी वाढायचं, असं चक्र फार घरांत चालू असतं. कॅज्युअल्टीत त्या गोळीचं पाकीट दाखवा. व्यायामशाळेतली पावडर, सांधेदुखीच्या निनावी पुड्या, सर्दीच्या गोळ्या, ज्येष्ठमधाचा रोजचा काढा, काही चालू असेल तर तेही न लपवता सांगा. चाळिशीत बीपी इतकं चढतं तेव्हा किडनीचा आजार, किडनीची अरुंद झालेली धमनी, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ, झोपेत श्वास अडकणं अशी कारणं शोधावी लागतात. ते रात्री फार घोरतात का हे डॉक्टर तुम्हालाच विचारतील, कारण त्यांना स्वतःला ते माहीत नसतं. कारण सापडलं नाही तर सोडलेली गोळी हेच कारण बहुधा पुरेसं असतं. ‘बरं वाटतंय’ ते गोळीमुळेच वाटत होतं, हे त्यांना तुमच्याऐवजी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. घरच्या माणसाचं ऐकलं जात नाही, हा माझाही अनुभव आहे.

मिठाचं सांगितलं की इंदूरच्या माणसाला राग येतो, पण सांगते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. पोह्यांवरची मूठभर शेव, जेवणातला पापड आणि लोणचं, संध्याकाळचं नमकीन, एवढ्यावरच त्यातला बराचसा वाटा संपतो. पोहे सोडायला सांगत नाही. वरची शेव सोडा.

घरी आल्यावर दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, तोकडा पट्टा बीपी जास्त दाखवतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ झोपेप्रमाणे ठरवावी लागते, नाहीतर नेमकी तीच चुकते. डिस्चार्ज घेताना हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

सोमवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ रद्द करू नका, पुढे ढकला. दाखल असताना रुग्णालयातले डोळ्यांचे डॉक्टर पडदा बघतीलच, बघितला नाही तर मागणी करा. नंतर साधारण एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत, प्रत्येक वेळी फोटोसह. कालचा दुकानातला फोटो डिलीट होऊ देऊ नका, पुढच्या प्रत्येक फोटोशी आम्ही तोच ताडून बघणार. दाखल केलंत की तेवढं मला कळवा, आणि क्रिएटिनिनचा आकडा आला की तोही.